मोठ्या क्रीडास्पर्धा आणि पर्यावरणाचा हिशोब

मागच्या व्याख्यानात आपण ‘गरज’ आणि ‘हौस’ यांतला फरक पाहिला होता. तेव्हा काही श्रोत्यांनी विचारलं होतं की क्रिकेटचा किंवा फुटबॉलचा विश्वचषक, ऑलिंपिक, आयपीएल हे सगळं हौसेत धरायचं का? आणि धरलं तर पर्यावरणाच्या नावाने त्यावर किती बंधनं घालायची? आजचा विषय त्यातूनच निघाला.

आपण तत्त्वज्ञानाच्या बाजूने आलेलो आहोत, अभियांत्रिकीच्या नाही. दिवे कुठले लावावेत, प्लास्टिकचे पेले बंद करावेत का, हे सांगणारे तज्ज्ञ वेगळे. आपलं काम प्रश्न नीट मांडण्याचं. ‘ही स्पर्धा पर्यावरणपूरक होती’ असं विधान कुणी केलं, तर ते खरं की खोटं हे कसं ठरवायचं? त्यासाठी तीन गोष्टी विचाराव्या लागतात. काय मोजलं? कशाशी तुलना केली? आणि ठरवलं कुणी? आज या तीन प्रश्नांच्या आधाराने काही खऱ्या घटना पाहू.

सुरुवात घरापासूनच करू.

२०१६ चा उन्हाळा आठवा. सलग दोन पावसाळे तुटीचे गेले होते, मराठवाड्यातली धरणं कोरडी पडली होती. लातूरला पाण्यासाठी जमावबंदीचा आदेश लावावा लागला होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, तिची एक खेप २५ लाख लिटरची. त्याच आठवड्यात आयपीएल सुरू झाली होती. मुंबई, पुणे आणि नागपूर इथल्या मैदानांना लागणारं पाणी हा मुद्दा घेऊन एक जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात आली. या मैदानांवर मिळून साधारण ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा चर्चेत होता. १३ एप्रिलला न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. बरेच सामने बाहेर गेले, अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला. क्रिकेट संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथेही त्यांना दिलासा मिळाला नाही.

आता या निर्णयाकडे दोन्ही बाजूंनी पाहू. ६० लाख लिटर म्हणजे किती? लातूर शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास धरली, तर माणशी पंधरा लिटर, तेही एकदाच. दुसरी तुलना अधिक बोचरी आहे. एक एकर ऊस लागवडीपासून तोडणीपर्यंत पाटपाण्यावर वाढवायचा तर साधारण एवढं किंवा याहून जास्तच पाणी लागतं. म्हणजे तिन्ही मैदानांचं पाणी मिळून एक एकर उसाएवढं! मराठवाड्यात ऊस किती हजार हेक्टरांवर होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय मैदानांसाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, असंही संघटना सांगत होत्या. मग सामने हलवून काय साधलं? मुंबईच्या मैदानातलं पाणी काही नळाने लातूरला जाणार नव्हतं.

हा युक्तिवाद तगडा आहे. तो झटकून टाकू नये. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की प्रश्न फक्त लिटरचा आहे. तो तसा नव्हता. शेजारच्या घरी सुतक असताना आपण अंगणात वाजंत्री लावत नाही. वाजंत्री बंद ठेवल्याने गेलेला माणूस परत येतो का? नाही येत. तरी आपण ती बंद ठेवतो, कारण शेजारी म्हणून आपलं एक नातं असतं. याला औचित्य म्हणतात. औचित्य हे मोजमापाने सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. सार्वजनिक पाणी पिण्यासाठी आधी, हा क्रम आपल्या जलधोरणातही लिहिलेला आहे. तो क्रम न्यायालयाने लोकांसमोर ठेवला, एवढं त्या निर्णयाचं मोल निश्चित आहे.

मात्र औचित्य सांभाळलं म्हणजे पर्यावरण सांभाळलं असं होत नाही. सामने रद्द झाले नाहीत, ते विशाखापट्टणमला आणि इतरत्र गेले. तिथल्या मैदानालाही पाणी लागलंच. खेळाडू, कर्मचारी, कॅमेरे, सगळा लवाजमा विमानाने तिकडे गेला. आणि उसाचा प्रश्न होता तिथेच राहिला. म्हणजे दिसणारी गोष्ट आपण हलवली, न दिसणारी तशीच ठेवली. हे लक्षात ठेवू, पुढे ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आता पहिला प्रश्न : काय मोजायचं?

एखादा सामना पाहायला गेलो की डोळ्यांना काय दिसतं? प्रखर दिवे, हिरवंगार गवत, पाण्याच्या बाटल्या, वडापावचे कागद. म्हणून ‘हरित स्पर्धा’ म्हटलं की आयोजक हेच दाखवतात. सौर पॅनेल बसवले, बाटल्या गोळा केल्या. या गोष्टी चांगल्याच आहेत. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाच्या छपरावर २०१५ मध्ये सौर पॅनेल बसले. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५००० पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या मोबाइल फोनांतून आणि इतर उपकरणांतून काढलेल्या धातूंची केली होती. कौतुक करू या. पण जागतिक स्पर्धेचा कार्बन हिशोब उघडला की दोन रकाने बाकीच्यांना झाकून टाकतात. एक प्रवास, त्यातही विमानप्रवास. दुसरा बांधकाम, म्हणजे सिमेंट आणि पोलाद.

कतारमधल्या २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंदाज फिफाने आधीच जाहीर केला होता, सुमारे ३६ लाख टन कार्बन डायऑक्साइड. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक वाटा प्रवासाचा होता. आठ स्टेडियमांपैकी सात नवी बांधलेली. राहायला जागा अपुरी, म्हणून आखातातल्या शेजारच्या शहरांतून प्रेक्षकांना सामन्यापुरतं आणून परत नेणारी विमानं, दिवसाला शंभराहून अधिक. आणि तरीही ही स्पर्धा ‘कार्बन न्यूट्रल’, म्हणजे कार्बनच्या बाबतीत जमाखर्च शून्य, असा दावा केला गेला.

हे कसं साधलं? इथे हिशोबनिसाची करामत पाहण्यासारखी आहे. कायम राहणारी स्टेडियमं बांधताना जो कार्बन हवेत गेला, तो सगळा स्पर्धेच्या नावावर टाकला नाही. स्टेडियम काही दशकं वापरात राहील, स्पर्धा फक्त काही आठवड्यांची, म्हणून स्पर्धेच्या वाट्याला तेवढ्याच दिवसांचा तुकडा. ऐकायला वाजवी वाटतं. घर बांधलं आणि पहिल्या महिन्यात लग्न केलं, तर घराचा सगळा खर्च लग्नात धरत नाहीत. बरोबर. पण घर लग्नासाठीच बांधलं असेल तर? तीसेक लाखांच्या देशात, त्यातही बहुतेक परदेशातून कामाला आलेले लोक, एवढी स्टेडियमं विश्वचषक नसता तर कुणी बांधली असती का?

आपल्या परंपरेत याची कसोटी आहे. तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. अमुक असताना तमुक असतं, हा अन्वय. अमुक नसताना तमुक नसतं, हा व्यतिरेक. कारण कोणतं हे ठरवायला दोन्ही लागतात. स्पर्धा नसती तर ही स्टेडियमं नसती, असा व्यतिरेक लागू पडत असेल, तर त्या बांधकामाचं कारण स्पर्धाच. मग तो कार्बनही स्पर्धेचाच.

त्यातलं एक स्टेडियम मात्र वेगळ्या विचाराने उभारलं होतं. ९७४ नावाचं, ९७४ मालवाहू कंटेनर वापरून, नंतर सोडवून दुसरीकडे नेता येईल असं. कल्पना उत्तम. पण सोडवता येणं वेगळं आणि सोडवणं वेगळं. २०२४ च्या डिसेंबरातही फिफाच्या दुसऱ्या एका स्पर्धेचे सामने तिथेच झाले. शक्यतेचं श्रेय आधी घ्यायचं आणि कृती पुढे ढकलायची, ही सवय फक्त क्रीडासंघटनांची आहे असं नाही म्हणा.

दुसरा प्रश्न : तुलना कशाशी?

कतारच्या उरलेल्या कार्बनची भरपाई कार्बन क्रेडिट घेऊन करायची होती. इथे थोडं थांबू, कारण हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. कल्पना अशी : आम्ही इथे एक टन कार्बन सोडला, पण दुसरीकडे एक टन कमी होईल अशा प्रकल्पाला पैसे दिले, म्हणून फिट्टंफाट. यात सगळी भिस्त एका ‘नाहीतर’वर आहे. आमचे पैसे नसते तर तो प्रकल्प झाला नसता, हे सिद्ध व्हायला हवं. म्हणजे पुन्हा व्यतिरेक. पवनचक्की किंवा सौर प्रकल्प जर स्वतःच्या नफ्यावर उभाच राहणार असेल, तर आमच्या पैशाने हवेत काहीही फरक पडला नाही, फक्त आमच्या वहीत पडला.

स्वित्झर्लंडमध्ये जाहिरातींच्या खरेपणावर नजर ठेवणारी एक स्वयंनियमन संस्था आहे. पाच युरोपीय देशांतून आलेल्या तक्रारींवर तिने जून २०२३ मध्ये निर्णय दिला की फिफाला हा दावा सिद्ध करता आलेला नाही आणि असे निराधार दावे पुढे करू नयेत. शिक्षा काही झाली नाही, त्या संस्थेला तो अधिकारच नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली : सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते, शंका घेणाऱ्यावर नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. २०२३ च्या आयपीएलच्या बाद फेरीत प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपं लावण्याची घोषणा झाली. पडद्यावर शून्याऐवजी झाडाचं चित्र यायचं. २९४ निर्धाव चेंडू पडले, म्हणजे १ लाख ४७ हजार रोपं. झाडं लावणं चांगलंच. पण विचार करून पाहा, निर्धाव चेंडूचा आणि कार्बनचा संबंध काय? गोलंदाजाने टिच्चून मारा केला तर झाडं जास्त, फलंदाजाने चौकार मारले तर कमी. त्या दोन महिन्यांत दहा संघ विमानाने किती फिरले, याच्याशी त्या संख्येचा काडीचा संबंध नाही. प्रायश्चित्ताला निदान पापाची मोजदाद लागते. इथे मोजदादच नाही, म्हणून हे दान झालं, भरपाई नव्हे. दानाला दान म्हणावं, त्यात कमीपणा नाही. आणि रोप लावणं व झाड होणं यांच्यामध्ये किमान तीन उन्हाळे असतात, हे ज्यांनी दुष्काळी गावात झाडं लावली आहेत त्यांना विचारा.

आता जिथे काही खरं साधलं ते पाहू, नाहीतर हे व्याख्यान म्हणजे नुसती तक्रार होईल.

पॅरिसने २०२४ च्या ऑलिंपिकसाठी सुरुवातीला ‘हवामानाला उपकारक’ असा मोठा शब्द वापरला होता. तो त्यांनी पुढे सोडून दिला आणि त्याऐवजी आकडा धरला. लंडन २०१२ आणि रिओ २०१६ यांची सरासरी सुमारे ३५ लाख टन, ती निम्म्यावर आणायची. शेवटचा हिशोब सुमारे १५ लाख ९० हजार टनांवर आला, म्हणजे लक्ष्य गाठलं गेलं. कसं? सगळ्यात मोठा निर्णय न बांधण्याचा. सुमारे ९५ टक्के क्रीडास्थळं आधीची किंवा तात्पुरती होती. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी तात्पुरत्या गॅलऱ्या लावून बीच व्हॉलीबॉल झाला, ग्राँ पॅलेच्या काचेच्या छताखाली तलवारबाजी झाली. डिझेल जनरेटरांऐवजी शहराच्या वीजजाळ्याची जोडणी घेतली. कायमस्वरूपी नवा बांधला तो मुख्यतः पोहण्याचा तलाव, तोही सेंट डेनिस या कमी उत्पन्नाच्या उपनगरात, जिथे तलावांची टंचाई होती. सीन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. तिच्या सफाईवर सुमारे १४० कोटी युरो गेले, स्पर्धेच्या वेळी पाणी कधी योग्य, कधी अयोग्य ठरत राहिलं. पण जुलै २०२५ मध्ये ठरावीक ठिकाणी सामान्य लोकांसाठी नदी खुली झाली. स्पर्धा संपल्यावर शहरात काय उरलं, हा खरा प्रश्न असतो.

पॅरिसमध्येही मौज झाली. खेळाडूंच्या वसाहतीत एसी नव्हते, जमिनीखालच्या गार पाण्याने खोल्या थंड ठेवायची योजना होती. देशोदेशीच्या पथकांनी सुमारे २५०० फिरते एसी मागवले. आपल्या क्रीडा मंत्रालयानेही आपल्या खेळाडूंसाठी ४० पाठवले. याला ढोंग म्हणायचं का? आपल्याला तसं वाटत नाही. चार वर्षं घाम गाळलेल्या खेळाडूच्या एका रात्रीच्या झोपेवर काटकसर करणं आणि व्हीआयपी प्रेक्षकाच्या खाजगी विमानाला काही न विचारणं, हा न्याय उलटा आहे. काटकसर कुठून सुरू करायची, हाही नीतीचाच प्रश्न आहे.

एक गोष्ट पॅरिसलाही सुटली नाही, ती म्हणजे प्रेक्षकांचा प्रवास. आणि इथे आकाराचा मुद्दा येतो. प्रत्येक सामन्यामागचा कार्बन कमी करत गेलो आणि सामने वाढवत गेलो, तर गोळाबेरीज काय? फुटबॉलच्या विश्वचषकात २०२२ पर्यंत ३२ संघ, ६४ सामने होते. २०२६ साठी ४८ संघ, १०४ सामने, तीन देशांतली १६ शहरं. २०३० ची स्पर्धा मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये, पण सुरुवातीचे तीन सामने अटलांटिकपलीकडे उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वेमध्ये. आयपीएल ८ संघांनी सुरू झाली, आता १० संघ, ७४ सामने. दर लिटरला गाडी जास्त पळते म्हणून आपण दुप्पट हिंडलो, तर पेट्रोलची बचत होत नाही, हे घरातला कुणीही सांगेल. स्पर्धेच्या अहवालात मात्र ‘प्रति सामना’ घट छापून येते.

तिसरा प्रश्न राहिला : ठरवतं कोण?

डेन्व्हरला १९७६ चं हिवाळी ऑलिंपिक मिळालं होतं. १९७२ च्या नोव्हेंबरात कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी त्यासाठी सरकारी पैसा द्यायला नकार दिला. खर्च आणि डोंगरांची हानी, ही दोन कारणं पुढे होती. मग स्पर्धा इन्सब्रुकला गेली, जिथे १९६४ च्या ऑलिंपिकची स्थळं तयारच होती. पाहा, लोकांच्या नकारामुळे स्पर्धा बुडाली नाही, ती आधी बांधून ठेवलेल्या जागी झाली!

दुसरं, ताहितीतल्या तेआहुपोओ गावचं. पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग तिथे झालं. पंचांसाठी समुद्रात ॲल्युमिनियमचा मनोरा उभारायचा होता, खाली प्रवाळ. गावातले मच्छीमार, सर्फर आणि इतर लोक विरोधात उभे राहिले. मनोऱ्याचा आकार कमी केला गेला, तरी चाचणीच्या वेळी एका तराफ्याने प्रवाळ मोडलाच. जगाच्या कार्बन हिशोबात तो तुकडा दिसणारही नाही. पण त्या गावाची मासळी तिथेच वाढते. म्हणून एकूण टनांचा हिशोब पुरेसा नाही, झळ कुणाला बसते ते वेगळं लिहावं लागतं.

आपल्या देशापुढे हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये इरादापत्र दिलं आहे. २०१० च्या दिल्लीच्या अनुभवात यमुनेकाठी बांधलेल्या क्रीडाग्रामाचा वाद होता, सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याला मोकळीक दिली, आणि वाद झाला तेव्हा बांधकाम बरंच पुढे गेलं होतं. यातून घ्यायचा धडा सोपा आहे : प्रश्न पायाभरणीच्या आधी विचारावेत. कोणती मैदानं नव्याने हवीत, ती नंतर कोण वापरणार, पाणी कुठून येणार, वस्ती कुणाची उठणार, हे आकड्यांसह आधी जाहीर झालं पाहिजे. हिशोब तपासणारा माणूस आयोजकांच्या पगारावर नसावा.

आता दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : आपल्याकडे लाखोंची वारी होते. तिच्याकडून काही शिकता येईल का?

येईल, पण भाबडेपणा नको. आळंदी-देहूहून लाखो माणसं सुमारे तीन आठवडे चालत पंढरपूरला जातात. त्यासाठी कुणी स्टेडियम बांधत नाही. शाळा, देवळं, शेतातले तंबू, गावकऱ्यांच्या ओसऱ्या, म्हणजे जे आहे ते काही दिवस वापरायचं आणि उठायचं. पॅरिसने जे ठरवून केलं, ते इथे रिवाजाने होतं. पण वारीनंतर गावात राहणारी घाण आणि चंद्रभागेची अवस्था हाही तिचाच भाग. फिरती शौचालयं मोठ्या संख्येने आली ती गेल्या दशकभरात, आणि त्याने फरक पडला. श्रद्धेने आलेल्या गर्दीलाही व्यवस्था लागतेच.

प्रश्न : मग आम्ही सामने बघायचे की नाही?

बघा की! आपणही बघतो, रात्री उशिरापर्यंत. खेळ ही माणसाच्या आनंदाची गोष्ट आहे, तिच्यावर सुतकी चेहरा करून बसायचं कारण नाही. घरी टीव्हीवर सामना पाहण्याने फार काही बिघडत नाही. मैदानावर जायचं तर लोकलने, मेट्रोने जाता येतं. पण प्रेक्षकाची जबाबदारी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकण्याशी संपत नाही, कारण प्रेक्षक हा नागरिकही असतो. आपल्या शहरात मोठी स्पर्धा येणार असं कळलं, तर आजचे तीन प्रश्न पत्र लिहून विचारा : काय मोजलंत, कशाशी तुलना केलीत, ठरवलं कुणी? आणि ते स्पर्धेच्या पाच वर्षं आधी विचारा. नाणेफेक झाल्यावर विचारून उपयोग नाही.

पुढच्या वेळी ‘भावी पिढ्यांचे हक्क’ हा विषय घेऊ. जे अजून जन्मलेच नाहीत त्यांना हक्क असू शकतात का, असा तो प्रश्न आहे. आज इथे थांबू. नमस्कार.